बर्फावरील त्रिकूटें

कोणत्याहि सांघिक खेळाचा इतिहास लिहूं लागलें म्हणजे लेखकाची दृष्टि प्रथम विजयी संघांकडे व त्यांतील नामांकित गड्यांकडे वळते. कोणी किती गोल केले, कोणत्या सालीं कोणी चषक जिंकला, याच्या याद्या तयार असतात; त्या वाचण्यास सोप्या आणि विसरण्यासहि सोप्या. परंतु अमुक गड्याच्या शेजारीं अमुकच गडी कां उभा केला, एकास चढाईचें व दुसऱ्यास रखवालीचें काम कां दिलें, आणि ज्याच्या वांट्यास रखवाली आली त्यास तिचा मान मिळाला कीं नाहीं, हे प्रश्न त्या याद्यांत बसत नाहींत. वास्तविक संघाचें मर्म याच प्रश्नांत असतें. कॅनडांत वाढलेल्या बर्फावरील हॉकीच्या धंदेवाईक संघांचा इतिहास या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे; कारण माणसांच्या योजनेचा प्रश्न इतक्या उघडपणें व इतक्या तीव्रतेनें दुसऱ्या खेळांत क्वचितच पुढें येतो.

आपल्याकडे हॉकी म्हटली कीं ध्यानचंद आणि हिरवें मैदान डोळ्यांपुढें उभें राहतें. बर्फावरील हॉकी भारतांत लडाखसारख्या अतिशीत प्रदेशांतील थोड्या लोकांखेरीज फारशी कोणास परिचित नाहीं. म्हणून तिचें स्वरूप दोन शब्दांत सांगणें अवश्य आहे. सुमारें दोनशें फूट लांब व पंच्याऐंशी फूट रुंद असें गुळगुळीत बर्फाचें क्रीडांगण, त्याच्या भोंवतीं लाकडी कठडा, पायांस पोलादी पात्यांचे जोडे, हातांत लांब काठी, आणि चेंडूच्या ऐवजीं तीन इंच व्यासाची रबराची जाड चकती. प्रत्येक बाजूचे सहा गडी: एक गोलरक्षक, दोन बचावाचे, आणि आघाडीची तिघांची फळी, म्हणजे एक मधला व दोन बगलेचे. वीस वीस मिनिटांचे तीन डाव मिळून साठ मिनिटांचा सामना होतो. पूर्ण वेगानें धांवणाऱ्या गड्याचा दम मिनिटाच्या आंत संपतो, म्हणून खेळ चालू असतांनाच एक फळी कठड्यावरून बाहेर जाते व दुसरी आंत उतरते. अशी एक पाळी साधारणतः चाळीस-पंचेचाळीस सेकंदांची असते. आजच्या नॅशनल हॉकी लीगमध्यें सामन्याच्या दिवशीं दोन गोलरक्षक व अठरा गडी सज्ज असतात. त्यांतील आघाडीचे बारा व बचावाचे सहा धरले, तर तिघांच्या चार फळ्या व दोघांच्या तीन जोड्या होतात. या अठरा माणसांचा मेळ कसा घालावा, हाच प्रशिक्षकाचा रोजचा प्रश्न.

प्रारंभीं हा प्रश्नच नव्हता. १८७५ सालच्या मार्च महिन्याच्या ३ तारखेस माँट्रिअल येथील व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्यें जो बंदिस्त जागेंतील पहिला जाहीर सामना झाल्याचें मानतात, त्यांत प्रत्येक बाजूस नऊ गडी होते. पुढें ही संख्या सातावर आली. सातवा गडी ‘रोव्हर’, म्हणजे संचारी. चढाई असो वा बचाव, जेथें गरज पडेल तेथें त्यानें धांवावें, अशी त्याची वृत्ति. त्या काळीं गडी एकदां बर्फावर उतरला म्हणजे दुखापत झाल्याखेरीज शेवटपर्यंत खेळावयाचा. अर्थात् साठ मिनिटें पुरेल इतकाच वेग तो वापरी. अशा खेळांत फळी म्हणजे केवळ उभें राहण्याच्या जागा होत. परस्परांत मुरलेली तिघांची टोळी हा अर्थ त्या शब्दास अद्यापि आलेला नव्हता.

हा अर्थ येण्यास दोन गोष्टी कारण झाल्या. एक पैसा आणि दुसरी नियम. १९११-१२ च्या हंगामांत पूर्वेकडील नॅशनल हॉकी असोसिएशननें सातवा गडी काढून टाकला. एका पगाराची बचत हें त्याचें एक कारण सांगण्यांत येतें. त्याच सुमारास पॅसिफिक किनाऱ्यावर लेस्टर व फ्रँक पॅट्रिक या बंधूंनीं वडिलांचा लाकडाचा कारखाना विकून आलेल्या द्रव्यांतून व्हँकूव्हर व व्हिक्टोरिया येथें कृत्रिम बर्फाचीं क्रीडागृहें बांधलीं व आपली स्वतंत्र लीग काढली. त्यांनीं संचारी गड्यास आणखी दहा-अकरा वर्षें ठेवून घेतलें, परंतु इतर बाबतींत त्यांच्याइतके सुधारक कोणीच नव्हते. बर्फावर निळ्या रेषा आंखून क्रीडांगणाचे तीन भाग त्यांनीं केले. मधल्या भागांत चकती पुढें ढकलून देण्यास परवानगी दिली. आणि आमच्या विषयास सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, गोल करणाऱ्याबरोबर त्यास चकती पुरविणाऱ्याचेंहि नांव अधिकृतपणें नोंदण्याची चाल पाडली. ही नोंद दिसण्यांत क्षुल्लक आहे. पण ज्यानें दिलें त्यासहि श्रेयाचा वांटा आहे, हें तत्त्व या खेळाच्या हिशेबांत प्रथम तिनें आणलें.

लेस्टर पॅट्रिक याची दुसरी कामगिरी याहून मोठी. १९२५ सालीं त्याच्या व्हिक्टोरिया कूगर्स संघानें माँट्रिअल कॅनेडियन्सचा पराभव करून स्टॅन्ले चषक जिंकला. नॅशनल हॉकी लीगच्या बाहेरील संघानें तो चषक जिंकण्याची ही शेवटची वेळ. पूर्वेकडील गडी जुन्या शिरस्त्यानें दीर्घकाळ बर्फावर राहात. पॅट्रिकनें ताजे गडी वरचेवर आंत पाठवून त्यांची दमछाक केली. राखीव म्हणजे दुखापत झालेल्याची जागा भरणारा, ही समजूत तेथें मोडली. राखीव गडी हाहि योजनेचा भाग झाला. पुढील वर्षीं पश्चिमेकडील लीग बुडाली, तिचे गडी पूर्वेस विकले गेले, आणि पॅट्रिक न्यूयॉर्क रेंजर्स या नव्या संघाचा प्रशिक्षक झाला. तेथें बिल व बन हे कुक बंधू आणि त्यांच्यामध्यें फ्रँक बाउशर, असें त्रिकूट जमलें. तिघेहि पश्चिमेच्या खेळांत तयार झालेले. बाउशर इतका सभ्य खेळे कीं सभ्य खेळाची लेडी बिंग ट्रॉफी त्यानें आठ वर्षांत सात वेळां मिळविली, आणि शेवटीं ती त्यालाच देऊन टाकून लीगनें नवी करविली. ७ एप्रिल १९२८ रोजीं चषकाच्या दुसऱ्या सामन्यांत रेंजर्सच्या गोलरक्षकाच्या डोळ्यास चकती लागली. दुसरा गोलरक्षक जवळ नव्हता, तेव्हां चव्वेचाळीस वर्षांचा पॅट्रिक स्वतः गोलांत उभा राहिला. जादा वेळेंत बाउशरनें गोल करून तो सामना २-१ असा जिंकून दिला. इतरांस जागा नेमून देणारा मनुष्य प्रसंगीं स्वतः सर्वांत अवघड जागीं उभा राहिला, म्हणून ही गोष्ट आजहि सांगितली जाते.

१९२९-३० सालीं नॅशनल हॉकी लीगनें क्रीडांगणाच्या तिन्ही भागांत चकती पुढें देण्यास मोकळीक दिली, आणि खेळाचें रूप पालटलें. तोंवर चकती घेऊन जाणारा एकटा गडी हाच चढाईचा कणा होता. आतां तिघांनीं मिळून चढाई करणें फायद्याचें झालें. टोरोंटोच्या संघांत याच हंगामांत ‘किड लाइन’ नांवाचें तरुणांचें त्रिकूट बनलें: जो प्रिमो, चार्ली कोनाकर आणि बुशर जॅक्सन. कोनाकरचा तडाखा जबर, जॅक्सनची चाल चपळ व देखणी, आणि प्रिमो या दोघांस नेमकी वेळ साधून चकती पोंचविणारा. १९३१-३२ मध्यें जॅक्सननें ५३ गुणांनीं लीगमध्यें पहिला क्रमांक मिळविला. प्रिमोचे गुण ५०, आणि त्यांतील ३७ साहाय्याचे. त्या वर्षीं टोरोंटोनें चषक जिंकला. गोल आणि साहाय्य या दोहोंस सारखाच एकेक गुण देण्याची पद्धत नसती, तर प्रिमोचें नांव त्या यादींत कोठें तरी खालीं दिसलें असतें.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकांस येथें ॲडम स्मिथची आठवण होणें साहजिक आहे. १७७६ सालच्या आपल्या ग्रंथांत टांचणीच्या कारखान्याचें उदाहरण देऊन त्यानें श्रमविभागाचें सामर्थ्य दाखविलें: एकट्यानें सगळी टांचणी करण्यापेक्षां दहांनीं एकेक भाग करावा, म्हणजे उत्पन्न शेंकडोंपटीनें वाढतें. पण त्याच ग्रंथाच्या उत्तरभागांत त्यानें हेंहि बजाविलें आहे कीं, जन्मभर दोनचार ठराविक क्रिया करणाऱ्या मनुष्याची बुद्धि बोथट होते. स्मिथचा पहिला विचार सर्वांस ठाऊक असतो, दुसरा सहसा विसरला जातो. हॉकीच्या फळ्यांच्या इतिहासांत मात्र दोन्ही विचार पदोपदीं खरे ठरलेले दिसतात.

प्रथम त्यांची उज्ज्वल बाजू पाहूं. बॉस्टनच्या संघांत मिल्ट श्मिट, वुडी ड्युमार्ट व बॉबी बावर हे तिघे होते. तिघेहि जर्मन वंशाचे आणि ऑन्टॅरिओंतील किचनर या एकाच गांवाच्या परिसरांत वाढलेले. पहिल्या महायुद्धांत १९१६ सालीं नांव बदलण्यापूर्वीं त्या गांवाचें नांवच बर्लिन होतें. म्हणून लोकांनीं त्यांस ‘क्राउट लाइन’ असें थट्टेचें नांव दिलें. १९३९-४० मध्यें लीगच्या गुणांच्या यादींत पहिले तिन्ही क्रमांक या तिघांचे होते. पुढें युद्ध पेटलें व तिघांनीं कॅनडाच्या वायुदलांत नांवें दिलीं. १० फेब्रुवारी १९४२ रोजीं बॉस्टन येथें माँट्रिअलविरुद्ध त्यांचा निरोपाचा सामना झाला. बॉस्टननें तो ८-१ असा जिंकला. आणि सामना संपल्यावर दोन्ही संघांच्या गड्यांनीं या तिघांस खांद्यांवर उचलून बर्फावरून मिरवीत नेलें. नुकताच सपाटून हरलेला संघ प्रतिपक्षाच्या गड्यांस खांद्यावर घेतो, असें दृश्य खेळाच्या इतिहासांत विरळ. त्या रात्रीं एकाच गड्याचा गौरव झाला नाहीं, फळीचा झाला.

याच्या उलट दुसरी एक रात्र पाहावी. माँट्रिअलचे प्रशिक्षक डिक अर्विन यांनीं मॉरिस रिशार, एल्मर लाक व टो ब्लेक यांची ‘पंच लाइन’ बनविली होती. १९४४ च्या मार्च २३ रोजीं टोरोंटोविरुद्ध उपांत्य फेरीचा दुसरा सामना होता. रिशारच्या मागें सांवलीसारखें राहावें व त्यास खेळूं देऊं नये, एवढेंच काम टोरोंटोनें बॉब डेव्हिडसन याजकडे सोंपविलें होतें. तरीहि माँट्रिअलनें सामना ५-१ असा जिंकला आणि पांचहि गोल रिशारचे. सामन्यानंतर तीन उत्तम गड्यांचीं नांवें पुकारण्याची रूढि होती. त्या रात्रीं तिन्ही वेळां रिशारचेंच नांव पुकारलें गेलें. प्रेक्षकांनीं छप्पर डोक्यावर घेतलें असेल, यांत नवल नाहीं. परंतु त्या पांचहि गोलांच्या नोंदींत साहाय्यक म्हणून एक नांव पांचहि वेळां आहे, आणि तें टो ब्लेकचें. लीगच्या उत्तरफेरीच्या एका सामन्यांत पांच साहाय्यें देणारा तो पहिला गडी. तीन ताऱ्यांत त्यास एकहि जागा मिळाली नाहीं.

या प्रसंगावरून रिशारचें मोल कमी लेखावें, असा माझा हेतु नाहीं. पुढल्याच हंगामांत त्यानें पन्नास सामन्यांत पन्नास गोल केले. पण त्याच हंगामांत गुणांच्या यादींत लाक ८०, रिशार ७३ व ब्लेक ६७ असे पहिले तिन्ही क्रमांक एका फळीकडे गेले, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे. शिवाय १९५५ सालीं हाच ब्लेक माँट्रिअलचा प्रशिक्षक झाला व तेरा हंगामांत त्यानें आठ वेळां चषक जिंकविला. त्यांतील पांच लागोपाठ, १९५६ ते १९६०. ज्यानें दुसऱ्यास देण्याचें काम वर्षानुवर्षें केलें, त्यास फळी आंतून कशी चालते हें ठाऊक होतें. उत्तम प्रशिक्षक बहुधा याच वर्गांतून निघतात, असें मला वाटतें.

आतां काळी बाजू. ज्या दशकांत या त्रिकूटांचा गौरव होत होता, त्याच दशकांत क्वेबेक प्रांतांतील शेरब्रुक येथें हर्ब कार्नेगी, त्याचा भाऊ ऑसी, आणि मॅनी मॅकइन्टायर या तीन कृष्णवर्णीय गड्यांची फळी प्रांतिक लीगमध्यें गाजत होती. मेळ, वेग, हुकमत, कशांतच उणें नव्हतें. १९४८ सालीं न्यूयॉर्क रेंजर्सनें हर्बला चांचणीसाठीं बोलाविलें व दुय्यम संघांतील जागा देऊं केली. क्वेबेकमध्यें मिळत होतें त्याहून तें वेतन कमी होतें, आणि त्यानें ती नाकारली. नॅशनल हॉकी लीगमध्यें पहिला कृष्णवर्णीय गडी, विली ओ’री, १९५८ च्या जानेवारी १८ रोजीं उतरला. हर्ब कार्नेगी यास हॉकीच्या कीर्तिमंदिरांत स्थान मिळालें तें २०२२ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनीं. सर्व नेमणुकांच्या आधीं एक नेमणूक असते: दारांतून आंत कोणास घ्यावयाचें? तिचा विचार न करतां नुसत्या फळ्यांच्या कौशल्याचें वर्णन करणें म्हणजे अर्धा इतिहास सांगणें होय.

जे आंत होते त्यांचीहि स्थिति सर्वस्वीं सुखाची नव्हती. मोटारींच्या डेट्रॉईट शहरांतील फळीचें नांवच ‘प्रॉडक्शन लाइन’: टेड लिंडसे, सिड एबल आणि गॉर्डी हाऊ. १९४९-५० मध्यें याहि तिघांनीं यादींतील पहिले तीन क्रमांक घेतले, ७८, ६९ व ६८ गुण. आणि संघानें चषक जिंकला. पण त्याच लिंडसेनें १९५७ सालीं गड्यांचा संघ, म्हणजे कामगारांचा असतो तसा हक्कांसाठीं संघ, स्थापण्याचा उद्योग केला, तेव्हां त्याच वर्षीं मालकांनीं त्यास शिकागोस धाडून दिलें. नुकत्याच संपलेल्या हंगामांत त्यानें आपल्या आयुष्यांतील सर्वांत अधिक, ८५ गुण मिळविले होते. यंत्राच्या भागानें आपला विचार बोलून दाखवावा, हें मालकास खपलें नाहीं. गड्यांचा संघ टिकाऊ स्वरूपांत निघाला तो १९६७ सालीं. गड्यांनींच निवडलेल्या उत्तम गड्याच्या पारितोषिकास २०१० पासून लिंडसेचें नांव आहे.

अटलांटिकच्या पलीकडे योजनेचा विचार आणखी पुढें गेला. सोव्हिएट रशियांत कॅनडाच्या पद्धतीची लीग १९४६ च्या अखेरीस सुरू झाली, आणि १९५४ सालीं तो देश जगज्जेता झाला. या प्रगतीचा मुख्य शिल्पकार अनातोली तारासॉव्ह. कॅनडांत १९५१ सालीं लॉईड पर्सिव्हल यांचें हॉकीच्या शास्त्राविषयींचें पुस्तक निघालें. घरच्या धंदेवाईक जगानें त्याची उपेक्षा केली, पण तारासॉव्हनें तें अभ्यासिलें. त्याच्या मतें खेळाचा घटक तिघांचा नसून पांचांचा होय: आघाडीचे तीन व बचावाचे दोन यांनीं नेहमीं एकत्रच उतरावें, एकत्रच परतावें. सप्टेंबर १९७२ मध्यें कॅनडाचे निवडक धंदेवाईक गडी व सोव्हिएट संघ यांच्यांत आठ सामने झाले, तेव्हां पहिल्याच सामन्यांत कॅनडा ७-३ असा हरला आणि सर्व देश चकित झाला. एकीकडे मोठमोठीं नांवें होतीं; दुसरीकडे मुरलेले पंचक होते.

तरीहि ती माला कॅनडानें चार विजय, तीन पराजय व एक बरोबरी अशी जिंकली. आणि ती कशी जिंकली हें पाहण्यासारखें आहे. सरावाच्या छावणींत पस्तीस गडी जमले होते. त्यांतील बॉबी क्लार्क, पॉल हेंडरसन व रॉन एलिस हे तिघे मोठ्या नांवांचे नसल्यामुळें एकत्र टाकले गेले. एलिसकडे वालेरी खार्लामॉव्ह या चपळ रशियन गड्यास आवरण्याचें काम आलें, क्लार्क मधला, आणि हेंडरसननें शेवटच्या तिन्ही सामन्यांत निर्णायक गोल केला. त्यांतील अखेरचा २८ सप्टेंबर रोजीं मॉस्को येथें, अवघे ३४ सेकंद उरले असतां. पण याच मालेंत, सहाव्या सामन्यांत, क्लार्कनें खार्लामॉव्हच्या घोट्यावर काठीचा तडाखा मारला, आणि पुढचा सामना त्यास खेळतां आला नाहीं. नेमून दिलेलें काम तडीस नेण्याच्या भरांत मनुष्य काय करून बसतो, याचें हें उदाहरण विजयाच्या आनंदांत विसरतां कामा नये.

सोव्हिएट पंचकांचा उत्कर्ष तारासॉव्हच्या मागाहून आलेल्या व्हिक्टर तिखोनॉव्हच्या काळीं झाला. क्रुतॉव्ह, लारिओनॉव्ह, माकारॉव्ह ही आघाडी व फेतिसॉव्ह, कासातोनॉव्ह ही बचावाची जोडी. यांचा खेळ पाहणारे सांगतात कीं पांचांस एकच मन होतें. परंतु त्या एकचित्ततेची किंमत जबर होती. लष्करी संघाचे हे गडी वर्षांतील बहुतेक काळ बायकामुलांपासून दूर छावणींत ठेवले जात. १९८८ सालीं इगोर लारिओनॉव्हनें ‘ओगोन्योक’ या साप्ताहिकांत आपल्याच प्रशिक्षकास उघडें पत्र लिहून या जिण्याचा निषेध केला. पुढील वर्षीं दारें उघडलीं व हे गडी अमेरिका-कॅनडांतील निरनिराळ्या संघांत गेले. तेथें काय झालें? माकारॉव्हनें कॅल्गरींत एकतिसाव्या वर्षीं उत्तम नवागताचें पारितोषिक मिळविलें. क्रुतॉव्ह, जो घरीं दुर्दम्य म्हणून प्रसिद्ध, तो व्हँकूव्हरमध्यें एका हंगामांतच निष्प्रभ ठरून परतला. मनुष्य तोच, काठी तीच. पण ज्या चौघांच्या हालचालींवर त्याचा खेळ उभा होता ते सर्व शेजारीं नव्हते. श्रमविभागानें गड्यास उंच नेलें, आणि त्यास एकट्यानें चालण्याची संवय मोडली. स्मिथनें सांगितलेल्या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यांत उतरल्या.

पण याच कथेचा दुसरा शेवट डेट्रॉईटमध्यें झाला. १९९४ सालच्या वसंतांत लारिओनॉव्ह व माकारॉव्ह पुन्हां एकत्र आलेल्या सॅन होजे या नवख्या संघानें बलाढ्य डेट्रॉईटचा पहिल्याच फेरींत पराभव केला. डेट्रॉईटचा प्रशिक्षक स्कॉटी बोमन होता. पुढल्या वर्षीं ऑक्टोबरमध्यें डेट्रॉईटनें रे शेपर्ड हा मोठा गोल करणारा गडी देऊन त्याच्या बदल्यांत पस्तिशीकडे झुकलेला लारिओनॉव्ह घेतला. हिशेबाच्या वहींत हा तोट्याचाच सौदा दिसला असेल. परंतु २७ ऑक्टोबर १९९५ रोजीं कॅल्गरीविरुद्ध बोमननें फेदोरॉव्ह, कोझलॉव्ह, लारिओनॉव्ह, फेतिसॉव्ह व कॉन्स्टॅन्टिनॉव्ह या पांच रशियनांस एकदम बर्फावर उतरविलें, आणि त्या हंगामांत डेट्रॉईटनें ६२ सामने जिंकून त्या वेळचा उच्चांक केला. येथें सक्तीची छावणी नव्हती. मेळ होता, आणि मोकळेपणाहि होता. पंचकाचें यश सक्तीवाचून अशक्य, हें मत त्यामुळें खोटें ठरलें.

बोमन हा योजनेचा मोठा जाणकार. त्याच्या हाताखालीं माँट्रिअल येथें बॉब गेनी नांवाचा गडी होता. त्याचें मुख्य काम प्रतिपक्षाच्या श्रेष्ठ फळीस निष्फळ करणें. १९७७-७८ पासून लीगनें रखवाली उत्तम करणाऱ्या आघाडीच्या गड्यास ‘सेल्की ट्रॉफी’ देण्यास आरंभ केला, आणि पहिलीं चारहि वर्षें ती गेनीला मिळाली. साहाय्याच्या नोंदीनंतर मान-वांटणींतील हें दुसरें मोठें पाऊल. पुढें डेट्रॉईटचा नायक स्टीव्ह आयझरमन, ज्यानें १९८८-८९ मध्यें १५५ गुण मिळविले होते, त्यास बोमननें रखवालीकडे वळविलें. त्याचे गुण घटले. पण १९९७, १९९८ व २००२ असे तीन चषक आले, आणि २००० सालीं सेल्की ट्रॉफी त्याच्याच हातीं आली. नायकानें दुय्यम समजलें जाणारें काम पत्करलें, म्हणजे तें काम दुय्यम राहात नाहीं. मग चौथ्या फळींतील गड्यासहि आपली आठ-दहा मिनिटें जड वाटत नाहींत.

१९९७ ची अंतिम फेरी या विद्येचा नमुना आहे. प्रतिपक्ष फिलाडेल्फियाची एरिक लिंड्रॉस, जॉन लक्लेअर व मिकाएल रेनबर्ग ही फळी आडदांडपणासाठीं प्रख्यात होती. तिच्यापुढें डेट्रॉईट आपला धडक देणारा कॉन्स्टॅन्टिनॉव्ह उभा करील, असा सर्वांचा अंदाज. बोमननें निक्लास लिडस्ट्रम व लॅरी मर्फी हे दोन शांत, नेमकी चकती देणारे गडी योजिले. धडकेस धडक देण्याऐवजीं चकतीच त्या फळीच्या हातीं लागूं द्यावयाची नाहीं, हा विचार. डेट्रॉईटनें चारहि सामने जिंकले, आणि बेचाळीस वर्षांनीं चषक त्या शहरांत आला. शेवटच्या सामन्यांतील निर्णायक गोल डॅरन मॅकार्टीचा. हा गडी गोलांपेक्षां झटापटीसाठीं अधिक ओळखला जाई. यजमान संघास शेवटीं गडी बदलण्याचा हक्क असतो, म्हणून कोणत्या फळीसमोर कोणती फळी, हा बुद्धिबळाचा डाव प्रत्येक पाळीस मांडला जातो. २००५ पासून संघाच्या एकूण वेतनास मर्यादा पडल्यामुळें बाराहि नामांकित आघाडीवाले विकत घेणें कोणासच शक्य नाहीं. थोड्या पगाराचा, पण आपलें काम जाणणारा गडी हा आतां केवळ सद्गुणाचा विषय राहिलेला नाहीं, तो जमाखर्चाचाहि विषय आहे.

त्या विजयानंतर सहाच दिवसांनीं, १३ जून १९९७ रोजीं, मोटारीच्या अपघातांत कॉन्स्टॅन्टिनॉव्ह कायमचा पंगु झाला. पुढील वर्षीं डेट्रॉईटनें पुन्हां चषक जिंकला, तेव्हां गड्यांनीं त्यास चाकांच्या खुर्चींतून बर्फावर आणलें आणि चषक त्याच्या मांडीवर ठेवला. त्या हंगामांत तो एक सेकंदहि खेळला नव्हता. तरीहि संघाच्या हिशेबीं त्याची जागा भरलेलीच होती.

या शतकभराच्या इतिहासाचें तात्पर्य काढावयाचें तर तें असें. प्रशिक्षक जागा नेमूं शकतो, कामें वांटूं शकतो, दम संपण्यापूर्वीं माणूस परत बोलावूं शकतो. पण एकानें दुसऱ्यावर विसंबून न पाहतां चकती द्यावी, हा विश्वास हुकमानें उत्पन्न होत नाहीं. तो एका गांवांत वाढल्यानें येतो, वर्षानुवर्षें एकत्र श्रमल्यानें येतो, आणि देणाऱ्याचा मान राखला गेला तरच टिकतो. ज्या संघांनीं मान वांटून घेतला त्यांच्या फळ्या टिकल्या. ज्यांनीं माणसास यंत्राचा भाग समजून बोलूं दिलें नाहीं, किंवा दारांतूनच परतविलें, त्यांनीं जिंकलें तरी कांहीं गमावलेंच. घर असो, शाळा असो वा राज्यकारभार असो, पांच गोलांची आरोळी आपल्या कानीं आपोआप येते. पांच वेळां चकती देणाऱ्याचें नांव मात्र आपण होऊन वहींत शोधावें लागतें.